खाते बंद करा म्हणजे नेमके काय करा?

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ‘माझ्या खात्याचं काम होतं’ असे कुणी म्हणाले की ऐकणारा आधी त्याच्या हातातला कागद बघतो. पासबुक असेल तर बँकेचे खाते. आठ-अचा उतारा असेल तर जमिनीचे; तिथे खातेदार म्हणजे ज्याच्या नावावर रान आहे तो, आणि खातेफोड म्हणजे भावाभावांतली वाटणी. ‘खात्याचा माणूस’ म्हटले तर तो कृषी नाहीतर महसूल खात्याचा कर्मचारी. अलीकडे चौथा अर्थ आला आहे: महाडीबीटीवरचे किंवा अशाच एखाद्या संकेतस्थळावरचे खाते, ज्याचा पासवर्ड खातेदारापेक्षा सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराला जास्त पाठ असतो. एका शब्दाचे चार अर्थ असूनही आजवर कुणाचे फारसे अडले नाही, कारण काउंटरपलीकडे माणूस होता. ‘कुठलं खातं म्हणता मामा?’ एवढे त्याने विचारले की काम पुढे सरकायचे. हा प्रश्न कुठल्या नियमपुस्तकात छापलेला नव्हता. तो विचारायचा असतो हे त्याला गावात वावरून कळलेले होते. आता त्या काउंटरवर संगणकाचा एजंट बसवायची तयारी चालू आहे, आणि त्याला काय काय कळायला हवे ते कुणीतरी आधी लिहून ठेवावे लागणार आहे. हे लिहिणे आज प्रोग्राम तयार झाल्यावर जाता जाता उरकायचे काम समजले जाते. माझे म्हणणे असे की ते सरकारी आदेश लिहिण्याच्या तोडीचे काम आहे, आणि तितक्याच जबाबदारीने झाले पाहिजे.

‘एजंट’ हा शब्द आपल्याकडे नवा नाही. तहसील कचेरीसमोरच्या झाडाखाली तो वर्षानुवर्षे बसत आला आहे. नवा एजंट म्हणजे चॅटबॉटची पुढची पायरी. चॅटबॉट प्रश्नाचे उत्तर देऊन थांबतो. एजंट काम करून मोकळा होतो. पत्ता बदलतो, मोबाइल नंबर बदलतो, खाते गोठवतो, अर्ज मागे घेतो. त्यासाठी संस्थेने त्याच्यापुढे काही ‘टूल’ मांडून ठेवलेली असतात. एक टूल म्हणजे संगणकातली एक ठरावीक कृती. तिला नाव असते, तिला कोणती माहिती पुरवायची त्याची यादी असते, आणि ती कशासाठी आहे हे सांगणारे दोन-चार ओळींचे वर्णन असते. टूलच्या पोटात काय घडते ते एजंटला सहसा दिसत नाही, दिसते ते हे वर्णन. ग्राहकाचे बोलणे एका हाताला आणि वर्णने दुसऱ्या हाताला ठेवून तो ठरवतो की काय उचलायचे. ओपनएआयने 2023 च्या जूनमध्ये ही सोय आपल्या मॉडेलांत आणली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने टूल जोडण्याची एक सामाईक पद्धत जाहीर केली. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये यूपीआय चालवणाऱ्या आपल्या एनपीसीआयने चॅटजीपीटीतून यूपीआयने खरेदी करण्याची चाचणी सुरू केली. महाराष्ट्र सरकारने 2025 च्या फेब्रुवारीत मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअॅपवर आणायचे ठरवले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी 500 कोटींचे धोरण मंजूर केले. सेनगाव-कळमनुरीपर्यंत हे सगळे पोचायला खूप काळ जाईल असे ज्याला वाटते त्याने यूपीआय चहाच्या टपरीवर किती लवकर पोचले ते आठवावे.

एक साधे टूल घेऊ. नाव ‘खाते बंद’, वर्णन ‘ग्राहकाचे खाते बंद करते’. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यात उणे काही नाही, कारण टूल खरोखर तेच करते. आता ग्राहकांचे बोलणे ऐका. एक मावशी म्हणतात, ‘माझं खातं बंद पडलंय, बघा की.’ त्यांच्या खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते निष्क्रिय झालेले आहे आणि त्यांना ते चालू करून हवे आहे, म्हणजे टूल करते त्याच्या बरोबर उलट. दुसरे म्हणतात, ‘खातं निल करून बंद करायचंय.’ ते पीककर्जाच्या खात्याबद्दल बोलत आहेत आणि त्यांना शेवटी हवा आहे बेबाकीचा दाखला. तिसऱ्याचे एटीएम कार्ड बसस्टँडवर हरवले, तो घाईने म्हणतो, ‘आधी खातं बंद करा.’ त्याला कार्ड बंद करून हवे आहे. चौथ्याचे गाऱ्हाणे, ‘बँकेनं खातं बंद करून टाकलं.’ कर्ज थकले म्हणून बँकेने होल्ड लावला आहे आणि अतिवृष्टीचे अनुदान आत अडकले आहे, असा त्याचा अर्थ. चार माणसे, दोनच शब्द, आणि चार वेगळी कामे. एका ओळीचे ते वर्णन वाचणाऱ्या एजंटने यातल्या कुणाचेही बचत खाते खरोखर बंद केले तर पीएम किसानचा हप्ता, विम्याची भरपाई, लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये हे सगळे ज्या नळाने येते तो नळच तुटतो. नवे खाते काढता येते, पण त्याचा नंबर वेगळा असतो, आणि जुना नंबर किती ठिकाणी दिलेला आहे याची यादी कुणाकडेच नसते.

शब्दांमुळे एवढे मोठे नुकसान होईल का, अशी शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्याच राज्यात, एजंट येण्याआधी मिळालेले आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली. त्या अर्जात प्रश्नाच्या जागी एक नकारार्थी विधान होते: कुटुंबातले कुणी सरकारी सेवेत कायम कर्मचारी नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही, अशा आशयाचे. पुढे दोनच पर्याय, होय किंवा नाही. मराठी माणसाला ‘घरात कुणी नोकरीला नाही ना?’ असे विचारले की ज्याच्या घरी कुणी नाही तो ‘नाही’ म्हणतो. ही आपल्या भाषेची चाल आहे, तिच्यात चूक काही नाही. संगणकाने मात्र त्या ‘नाही’चा अर्थ ‘हे विधान खरे नाही’ असा घेतला, म्हणजे घरात सरकारी नोकर आहे. ज्यांच्या घरात शिपायाचीही नोकरी नाही अशा बहिणींचे हप्ते थांबले, आणि शेवटी अंगणवाडी सेविकांना घरोघर पाठवून खातरजमा करायची वेळ आली. तिथे माणूस वाचत होता आणि यंत्र नोंदत होते. एजंटच्या बाबतीत वाचणारेही यंत्र असते, आणि अंगणवाडी सेविका येईपर्यंत तो शेकडो खाती हाताळून मोकळा झालेला असतो.

दुसरे उदाहरण अर्थ लपून राहिल्याचे आहे. 2017 साली मोबाइल नंबर आधारशी जोडायची धांदल होती. त्या गडबडीत एअरटेलच्या अनेक ग्राहकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि त्यांना पत्ता लागला नाही. पुढची गोष्ट समजायला एक तांत्रिक बाब माहीत हवी. एका आधार क्रमांकाला कितीही बँक खाती जोडलेली असू शकतात, पण सरकारी मदत कोणत्या बँकेत जायची याची नोंद एनपीसीआयकडे एकच असते, आणि जी बँक शेवटी नोंद करेल ती धरली जाते. नवे खाते उघडताच ती नोंद बदलली आणि गॅसचे अनुदान तिकडे जाऊ लागले. 31 लाखांहून अधिक ग्राहकांचे मिळून सुमारे 190 कोटी रुपये असे भलतीकडे गेल्याचे त्या वेळी समोर आले. आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसीची परवानगी थांबवली, रिझर्व्ह बँकेने 2018 च्या मार्चमध्ये पेमेंट्स बँकेला 5 कोटींचा दंड केला. ग्राहकाला सांगितलेली कृती होती ‘नंबरची पडताळणी’. घडलेल्या कृती तीन होत्या. टूलच्या वर्णनात जे लिहायचे राहते ते नेमके हेच: सांगितलेल्या कामाबरोबर आणखी काय काय हलते. आपल्या खेड्यांनी या घोटाळ्यातून आपापला धडा घेतला आणि भाषेत एक क्रियापदही घडवले. पैसे आले नाहीत की सेवा केंद्रवाला हल्ली ‘आधार लिंक आहे का’ असे विचारून थांबत नाही, ‘एनपीसीआय केलं का’ असे विचारतो. व्याकरणाच्या नावाने काहीही म्हणा, ‘आधार लिंक’ या दोन शब्दांपेक्षा हे तीन शब्द जास्त अचूक आहेत. ज्या वर्णनात हा फरक नाही ते वर्णन सेवा केंद्रवाल्यापेक्षा अडाणी म्हणायचे.

टूलला पुरवायच्या माहितीचेही असेच. रकान्याचे नाव नुसते ‘बँक’ किंवा नुसते ‘जिल्हा’ असेल तर हिंगोलीत त्याचे काय होईल पाहा. जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला, पण जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अजून परभणीचीच आहे. तिच्या हिंगोलीतल्या सभासदाला ‘जिल्हा बँक’ विचारली तर तो बरोबर परभणी सांगणार आणि एजंट त्याचा पत्ता परभणीचा समजणार. जुन्या पासबुकावर स्टेट बँक ऑफ हैदराबाद छापलेले असते. ती बँक 1 एप्रिल 2017 ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. ग्रामीण बँकेचेही 1 मे 2025 ला विदर्भ-कोकणच्या बँकेशी विलीनीकरण झाले. मग नावे. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत जी, डी आणि डीएन अशा तीन प्रकारे सुरू करणारी माणसे एकाच गल्लीत सापडतात, आणि कित्येकदा एकाच माणसाच्या आधारवर एक आणि पासबुकावर दुसरे. संत नामदेवांच्या नर्सीच्या पंचक्रोशीत नामदेव शोधायला लांब जावे लागत नाही. मोबाइल नंबर हा तर घराचा असतो, माणसाचा नव्हे. ओटीपी पुण्यात काम करणाऱ्या मुलाकडे जातो किंवा अर्ज भरताना केंद्रवाल्याने स्वतःचाच नंबर घातलेला असतो. ‘ग्राहक’ नावाच्या रकान्यात नाव टाकायचे, नंबर टाकायचा की खाते क्रमांक टाकायचा, हे वर्णनात नसेल तर एजंट हाताला लागेल ते टाकतो, आणि यंत्राचा एक वाईट गुण असा की अंदाज करतानाही त्याचा आवाज कापत नाही.

मग चांगले वर्णन कसे असते? त्यासाठी सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही, फेरफाराची पद्धत बघितली तरी पुरे. सातबारावरचे नाव बदलणे हे गावातले सर्वांत गंभीर ‘अकाउंट मॅनेजमेंट’ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 ने ते कसे बांधून घातले आहे पाहा. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, नोंद धरतो, पण त्याने नोंद धरली म्हणून बदल पक्का होत नाही. ती चावडीवर लागते, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस असतात, हरकत आली तर प्रकरण वेगळ्या नोंदवहीत जाते, आणि शेवटी प्रमाणित करतो तो दुसराच अधिकारी. कोण सुरू करेल, कधी थांबेल, कुणाला विचारेल, पक्के कोण करेल, हे सगळे त्या कलमात आहे. त्याच संहितेतले कलम 155 लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे: काना, वेलांटी, चुकलेला गट क्रमांक. तिथे नोटिसा-हरकतींचा व्याप कमी, म्हणून झटपट काम होते, आणि म्हणूनच लेखनप्रमादाच्या नावाखाली मालकी हलवण्याचे प्रकार राज्यात वारंवार उघडकीस आले आहेत. सोपे टूल आणि अवघड टूल शेजारी ठेवले आणि त्यांची हद्द सैल सोडली तर काम सोप्या वाटेने जाते. माणसाच्या बाबतीत त्यामागे लोभ असतो. एजंटला लोभ नाही, पण ‘नाव दुरुस्त करते’ आणि ‘नाव बदलते’ ही दोन वर्णने समोर असतील तर कुठले उचलायचे हे ठरवायला त्याच्याकडे त्या शब्दांशिवाय काहीच नाही.

त्या ‘खाते बंद’ टूलचे वर्णन मग असे काहीसे होईल. हे टूल बचत खाते कायमचे बंद करते. एकदा बंद झालेले खाते त्याच क्रमांकाने पुन्हा उघडता येत नाही. खातेदाराने पैसे काढून घेऊन खाते मिटवायचे असे स्वतः स्पष्ट सांगितले असेल तरच वापरावे. खाते ‘बंद पडले’ असे तो म्हणत असेल तर ते निष्क्रिय आहे का ते आधी दुसऱ्या टूलने पाहावे. कार्ड हरवले असेल, होल्ड लागला असेल किंवा कर्ज फेडून खाते निल करायचे असेल तर हे टूल वापरू नये. त्यांची टूल अमुक आणि तमुक. सरकारी मदतीची नोंद याच खात्याला असेल तर थांबून खातेदाराला तसे सांगावे, आणि ती दुसऱ्या बँकेकडे वळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. खाते क्रमांकानेच शोधावे. नावाने किंवा मोबाइल नंबरने शोधू नये. बंद करण्यापूर्वी खातेदाराचे नाव, खात्याचे शेवटचे चार अंक आणि शिल्लक वाचून दाखवून होकार घ्यावा. नुसता ‘हं’ हा होकार धरू नये. ‘हं’बद्दलचे शेवटचे वाक्य कुणाला गमतीचे वाटेल, पण फोनवर आपण अर्धे संभाषण त्याच एका उच्चारावर चालवतो, आणि त्याचा अर्थ कधी ‘हो’, कधी ‘ऐकतोय’ तर कधी ‘पुढं बोला’ असा असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो तंत्रज्ञानाच्या चाहत्यांचा. मॉडेल दर सहा महिन्यांनी हुशार होत आहेत, उद्या त्यांना हे सगळे न सांगता कळेल, असे ते म्हणतात. हुशार होत आहेत हे खरे. पण पुण्याहून बदली होऊन औंढ्याला आलेला अधिकारी कितीही हुशार असला तरी इथल्या शाखेत होल्ड कुणाच्या सहीने निघतो हे त्याला पहिल्या दिवशी माहीत नसते. ही माहिती बुद्धीने निघत नाही, कुणीतरी द्यावी लागते. उलट हुशारीमुळे धोका वाढतो, कारण अर्धवट सूचना मिळालेला मठ्ठ प्रोग्राम अडून बसतो आणि हुशार एजंट मार्ग काढतो. 2025 च्या जुलैमध्ये अमेरिकेत रेप्लिट या कंपनीच्या एजंटने, काही बदलू नको अशी ताकीद असताना, एका व्यावसायिकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला आणि वर तो परत आणता येणार नाही असेही सांगितले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. त्या घटनेने एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची नाही असे दाखवून दिले, आणि तीच दुसरा आक्षेप आहे.

हा आक्षेप अभियंत्यांचा आणि जास्त वजनाचा आहे. ते म्हणतात, शब्दांवर कसला भरवसा ठेवता? पाटी म्हणजे कुलूप नव्हे. एजंटला खाते बंद करायची परवानगीच देऊ नका, किंवा माणसाच्या सहीशिवाय ती चालणार नाही असा प्रोग्राम लिहा. मला हे पूर्ण मान्य आहे. ज्या कृतीने घर बुडू शकते ती वर्णनातल्या विनंतीवर सोडणे हा बेजबाबदारपणा होईल. पण कुलूप एवढेच ठरवते की दार उघडेल की नाही. ज्या दहा दारांच्या किल्ल्या एजंटला देणे भाग आहे त्यातले कुठले उघडायचे हे कुलूप सांगत नाही. पत्ता बदलणे, निष्क्रिय खाते चालू करायचा अर्ज नोंदवणे, तक्रार दाखल करणे, हप्त्याची बँक बदलण्याची विनंती पुढे पाठवणे ही सगळी परवानगी असलेली कामे आहेत, आणि परवानगी असलेले काम चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसासाठी केले तर कुठलीही घंटा वाजत नाही. लाडक्या बहिणींच्या अर्जात कुणीही हद्द ओलांडलेली नव्हती. सगळे अधिकृत होते, फक्त वाक्य उलटे होते. शिवाय सहीसाठी जो माणूस बसवाल तो दिवसाला दोनशे होकार देणार असेल तर त्याच्यासमोर येणारे वाक्य काय आहे यावरच त्या सहीची किंमत ठरते. ‘खाते क्रमांक अमुकवर कृती 14 मंजूर करायची?’ असे दिसले तर तो होय दाबत जाईल. ते वाक्यही टूलच्या वर्णनातूनच येते.

वर्णने लांब झाली की एजंट गोंधळतो आणि खर्च वाढतो, असाही एक मुद्दा निघतो. निघू दे. पन्नास सरमिसळ टूलपेक्षा नीट वेगळी केलेली पंधरा बरी, आणि दोन वर्णने शेजारी ठेवून त्यातला फरक एका वाक्यात सांगता आला नाही तर बहुधा ते टूल एकच असायला हवे होते.

इंग्रजीचा प्रश्न अधिक खोल आहे. मॉडेलला इंग्रजी उत्तम कळते, मग वर्णने मराठीत कशाला, असे विचारणारे चूक नाहीत. यंत्रासाठी वर्णन इंग्रजीत असले तरी चालेल. पण ग्राहक ज्या शब्दांत बोलणार ते शब्द, निल, होल्ड, बेबाकी, खातेफोड, ‘डीबीटी कुठल्या बँकेला लागलंय’, हे वर्णनात जसेच्या तसे उदाहरण म्हणून असले पाहिजेत, कारण त्यांचा इंग्रजी अनुवाद केला की त्यातला नेमका कस निघून जातो. आणि वर्णन मराठीत असण्याचे खरे कारण यंत्र नाहीच, ते तपासणारा माणूस आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी दप्तर उर्दूत चालत होते. ज्याचे रान त्यालाच त्याची नोंद वाचता येत नव्हती. त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत: कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती 2023 मध्ये नेमली गेली तेव्हा मराठवाड्यातल्या निजामकाळच्या नोंदी तपासण्यासाठी उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. आज वर्णने फक्त इंग्रजीत आणि फक्त कंपनीच्या संगणकात राहिली, तर शाखेतल्या ज्या कारकुनाला ‘हे इथे चालणार नाही’ असे पहिल्या वाचनात सांगता आले असते त्याच्या नजरेखालून ती कधीच जाणार नाहीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. राज्यात 1964 चा राजभाषा अधिनियम आहे. नागरिकाने काय मान्य केले ते मराठीत असावे, आणि त्याच्या खात्यावर यंत्राने काय करावे हे मात्र मराठीत नसावे, याला काय म्हणायचे?

वर्णने उघडी ठेवली तर भामट्यांना आयती वाट दाखवल्यासारखे होईल, अशी भीती बँकांना वाटते. तिच्यात तथ्य थोडे आहे. पडताळणीचे गुपित उघडे करू नये. टूल काय करते आणि काय करत नाही हे सांगण्यात गुपित काही नाही. कलम 150 सर्वांना वाचता येते म्हणून फेरफार असुरक्षित झालेले नाहीत. उलट झाकून ठेवण्यातला धोका सिद्ध झाला आहे: 2025 मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले की बाहेरून आणलेल्या टूलच्या वर्णनातच एजंटसाठी छुपी सूचना पेरून ठेवता येते, आणि वापरणाऱ्याच्या पडद्यावर त्यातले काहीच उमटत नाही. एके काळी बाजारात अडत्ये रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत. माल शेतकऱ्याचा, पण रुमालाखाली काय चालले आहे हे त्यालाच दिसत नसे. उघड लिलावाचा नियम त्यासाठी आला. व्यापारी तेव्हाही म्हणालेच असतील की उघड्यावर धंदा होत नसतो.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. कॅनडातल्या एका न्यायाधिकरणाने 2024 च्या फेब्रुवारीत निकाल दिला की विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सांगितलेल्या चुकीच्या नियमाला कंपनीच जबाबदार आहे; चॅटबॉट म्हणजे कुणी वेगळी व्यक्ती असल्यासारखा बचाव चालला नाही. आपल्याकडे तसे प्रकरण येईल तेव्हा पहिला प्रश्न हाच असेल की ते वाक्य कुणी लिहिले आणि कुणी मंजूर केले. शासन निर्णयाला तारीख असते, सांकेतांक असतो, खाली अधिकाऱ्याचे नाव आणि पद असते. टूलच्या वर्णनाला सध्या यातले काहीही असण्याची सक्ती नाही; बदलले तरी कोणाला कळत नाही, आणि काल एजंट असे का वागला याचा शोध घ्यायला गेले तर कालचे वाक्य जागेवर सापडेलच असे नाही. म्हणून सरकारी योजना आणि बँका यांच्यापुरता तरी नियम हवा की खात्यात बदल करणाऱ्या प्रत्येक टूलचे वर्णन तारखेसह आणि मंजूर करणाऱ्याच्या नावासह मराठीत प्रसिद्ध व्हावे, आणि जुनी आवृत्ती जपून ठेवावी. आणि ते लागू करण्याआधी वसमतच्या मोंढ्यातला एक हिशेबनीस, शाखेतला एक कारकून, एक बँक मित्र आणि एक अंगणवाडी सेविका यांच्यापुढे ठेवावे. त्यांनी रोज कानावर पडणारी शंभर वाक्ये, जशी बोलली जातात तशी, एजंटला ऐकवावीत. त्यात ‘भावाचं अन् माझं खातं फोडायचंय’ हे एक असलेच पाहिजे. ते ऐकून एजंट बँकेकडे वळतो, तहसीलकडे वळतो की ‘कुठलं खातं म्हणता मामा?’ असे विचारतो, ते टिपून घ्यावे.